लडकू जॉबरने सांधलेली तार

लडकू भोईरच्या कानात चार लूम अजून चालू आहेत. बाकी सगळी दुनिया बंद आहे.

टेमघरच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. लूम बिघडला की पाना घेऊन धावायचं, सुताची तार तुटली की सांधायची, कारागीर रुसला की त्याला चहा पाजायचा. एका पत्र्याखाली चाळीस लूम एकदम खटखटत असताना माणसाने माणसाशी बोलणं शक्यच नव्हतं. मग तिथे सगळे हातांनी बोलायचे आणि एकमेकांचे ओठ वाचायचे. हवेत बोट गोल फिरवलं की ‘चालू कर’. मनगटावर मनगट आडवं ठेवलं की ‘बंद कर’. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की ‘शेठ आला’. शेठने मिशी काढून बारा वर्षं झाली होती, पण खुणेतली मिशी कुणी काढली नाही.

अशा ठिकाणी लडकूचे कान कधी गेले, हे त्यालाही कळलं नाही. ते तिथे कुणाला लागतच नव्हते. कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लडकू शेलार गावातल्या आपल्या घरात उशिरा उठला आणि बायकोवर रागावला.

“तुळजे, आज कोंबडा कसा वरडला न्हाय?”

तुळजाने परातीतून हात काढले, पिठाची तीन बोटं दाखवली आणि मग त्याच्या उशीकडे बोट केलं. तीनदा ओरडला होता आणि तिथेच उभा राहून ओरडला होता.

त्या दिवसापासून हे गुपित दोघांत राहिलं. तुळजा संसाराच्या गरजेपोटी कारखान्याच्या खुणा कधीच शिकली होती. नवराबायकोची भांडणंही हातवाऱ्यांत व्हायची. शेजारच्या धोंडूबाई आपल्या सुनेला सांगायच्या, “बघ जरा शिक. पंचवीस वरसांत त्या घरातून एक सबूद भायेर आला न्हाय.” त्या घरात लाटणं मारल्याची खूण दिवसातून किती वेळा होते, ते धोंडूबाईंना ठाऊक नव्हतं.

लडकूच्या बहिणीचा मुलगा भूपेश वनरक्षक आहे. गोदामांची रांग संपते आणि डोंगराचा पायथा सुरू होतो, तिथल्या अभयारण्यात त्याची ड्युटी. त्यानेच मामाला रोजंदारीवर लावून घेतलं. फाल्गुनात तिथे जाळरेषा काढतात. वणवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून जंगलात रुंद पट्टे झाडून साफ करायचे. हातात कोयता आणि झाडू. लडकूला काम सोपं वाटलं. पण पहिल्याच दिवशी वैशाली मॅडमनी, म्हणजे तिथल्या वनक्षेत्रपालांनी, सगळ्या मजुरांना चौकीसमोर उभं केलं.

“दाट झाडीत समोरचं दिसत नाही, ऐकू येतं,” त्या म्हणाल्या. “ज्याचे कान चांगले, तोच माणूस इथे कामाचा.”

लडकूने हे वाक्य त्यांच्या ओठांवरून पुरतं वाचलं आणि सगळ्यांबरोबर मान डोलावली.

तेव्हापासून तो रोज कान असलेल्या माणसाचं काम करू लागला. सगळे थांबले की थांबायचं. सगळ्यांनी मान वर केली की आपणही करायची. कुणी विचारलं, “काय लडकूदादा, कोण बोलतोय हा?” तर जरा डोळे मिटून सांगायचं, “कालचाच हाय तो.” हे उत्तर इतक्या वेळा बरोबर निघालं की लडकूला पाखरांची चांगली जाण आहे, असं चौकीत बोललं जाऊ लागलं. फक्त कुजबुज त्याला जमत नसे. त्याने हळूच “पानी दे” म्हटलं की ओढ्यापलीकडचे वानर झाड बदलायचे.

भूपेशच्या मोटारसायकलवर मागे बसून जाताना तर कसोटीच. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत आणि भाचा बोलायचं थांबत नाही. लडकू अंदाजाने “हां, हां” करायचा. या “हां”पायी तो एकदा गावच्या भजनी मंडळात टाळकरी म्हणून भरती झाला होता. तिथे मात्र तो सुखात होता, कारण टाळ हातात असले की ताल डोळ्यांनी धरता येतो.

पण खरं सांगायचं तर त्याला जंगल आवडू लागलं होतं. त्याने ते आपल्या पद्धतीने वाचलं. वाळलेलं सागाचं पान उन्हात धरलं की अळीने खाऊन उरलेली जाळी दिसायची, इतकी बारीक की तसा माल टेमघरला कधी निघाला नव्हता. तांबट पक्षी शेंड्यावर बसून गळा फुगवायचा, परत फुगवायचा, आणि लडकू त्याच्या गळ्याचे ठोके मोजायचा. नाचण शेपटीचा पंखा उघडून कारवीत फेऱ्या घालायचा. पळसाचा सडा, मोहाच्या फुलांवर टपलेली माकडं, ओढ्याचं पाणी साचून राहतं त्या कोंडीकाठी साळिंदराने टाकलेला काटा. हजारो तारांतून तुटलेली एक तार उचलायला शिकलेले डोळे होते ते. जिथे काही बिघडलेलं असेल तिथे ते आपोआप जात.

घोटाळा त्या डोळ्यांनीच केला. डोळ्यांनी आणि हातांनी.

मंगळवारी दहाच्या सुमारास लडकू कॅन घेऊन कोंडीवर पाणी आणायला गेला. परत येताना वाट जरा चुकला आणि कारवीच्या दाटीतल्या एका पायवाटेवर आला. पाचोळ्यात त्याला दोरीचं टोक दिसलं. मातकट रंगाची नायलॉनची दोरी, सुतळीहून बारीक. दीड हातावर दुसरं टोक. मधेच तुटलेली.

पुढचं लडकूने केलं नाही, त्याच्या बोटांनी केलं. तुटलेली तार आणि लडकूची बोटं यांच्यामध्ये विचार नावाची गोष्ट एकतीस वर्षांत कधी आलीच नव्हती. त्याने कॅन खाली ठेवला, दोन्ही टोकं उचलली, एकाचा मुडपा केला, दुसरं त्यातून घेतलं, मागून फिरवलं, दाबलं आणि ओढलं. विणकराची गाठ. मग सवयीने दोरी जरा ओढून दोन्हीकडच्या खुंटांवर ताण बघितला. एका बाजूला ढिली वाटली, तर खुंटाभोवती आणखी एक वेढा दिला. बोटाने टिचकी मारली. ताण बरोबर. कॅन उचलून तो निघून गेला आणि दुपारच्या भाकरीपर्यंत ती गोष्ट विसरलाही. पगारी काम समजून केलेल्या हजारो गाठींत आणखी एक.

बुधवारी सकाळी मॅडम जीपमधून उतरल्या त्या हातात एक दोरी घेऊनच. त्यांनी ती चौकीच्या अंगणात दोन खुंट्यांना बांधली. दोरी ताणली गेली तसे तिला लटकवलेले पाचसहा फास उभे राहिले.

“हा फासा,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या रेंजमध्ये सापडला. जनावर वाटेने येतं, पाय नाहीतर मान फासात जाते आणि ओढाताण केली की आवळतं. मूळ दोरी तुटली तर सगळे फास पाचोळ्यात आडवे पडतात, निकामी होतात. दोरी ताठ असली तरच जीव जातो. कुणाला आपल्याकडे असं काही दिसलंय?”

सगळ्यांनी माना हलवल्या. लडकूनेही हलवली. आणि हलवता हलवता त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला गेला. मातकट दोरी. सुतळीहून बारीक. तिला पाचोळ्यात काय लटकतंय ते त्याने बघितलंच नव्हतं, त्याला फक्त तूट दिसली होती.



निकामी पडला होता फासा. कुठल्या तरी डुकराने हिसका देऊन तोडला असणार. आणि लडकू भोईर जॉबर, टेमघरचा नंबर एकचा कारागीर, जंगलखात्याची रोजंदारी घेऊन, जंगलखात्याच्या वेळेत, तो दुरुस्त करून आला होता! ताण बघून! टिचकी मारून! शिकाऱ्याने स्वतः एवढ्या मन लावून बांधला नसता.

एक दिवस आणि एक रात्र उलटून गेली होती.

सांगावं तर कसं? ‘मॅडम, मी फासा बांधला’ असं म्हणणाऱ्याला कोण सोडेल? त्याने ठरवलं, गुपचूप जाऊन सोडून यायचं. पाच मिनिटांचं काम.

“पानी आनतो,” तो म्हणाला. चिंधू, जाळरेषेवरचा त्याचा जोडीदार, भरलेल्या कॅनकडे बघतच राहिला.

लडकूने कॅन झुडपात उलटा केला आणि धावत सुटला.

कोंड सापडली. तिथून पुढे मात्र सगळ्या पायवाटा सारख्या. कारवी सारखी, पाचोळा सारखा. लूमला नंबर असतो. सतराव्या लूमची डावी बाजू म्हटलं की आंधळाही पोहोचेल. इथे झाडांना कुणी नंबर टाकले नव्हते. काल वाट चुकला म्हणून तो तिथे पोहोचला होता, आणि आज शहाण्यासारखा चालत होता म्हणून पोहोचत नव्हता. एका वाटेने गेला, परत आला. दुसरीने गेला, बांबूच्या बेटात अडकला, हात खरचटून परत आला. त्याने चपला काढल्या. कारखान्यात फरशीच्या थरथरीवरून त्याला कुठला लूम लंगडतोय ते तळपायाने कळायचं. इथे तळपायाला फक्त काटे कळले.

घाम डोळ्यांत उतरू लागला. दोरीवर भेकर असेल, ससा असेल, रानकोंबडी असेल. कदाचित दहा पावलांवर ओरडत असेल. आणि त्याच्या कानात आपले चार लूम, खटखट, खटखट, शिफ्ट न बदलता.

वर सावरीच्या झाडावर वानरांचा कळप बसला होता. सगळे एकाच दिशेला तोंड करून. त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती. लडकूने डोळ्यांना पुष्कळ ताण दिला, पण वानराचे ओठ वाचण्याचा त्याला सराव नव्हता.

तो उलट फिरला. जाळरेषेवर परत आला तेव्हा चिंधू आणि दोघे मजूर सावलीत बसून बोलत होते. लडकूची नजर चिंधूच्या ओठांवर गेली.

“सकाळपासून वरडतंय भेकर. बिबट्या असंल तिकडं. मी तर आज त्या बाजूला पाय ठेवनार न्हाय बाबा.”

“कुठं?” लडकू एवढ्याने ओरडला की तिघेही उठून उभे राहिले. “कुठं वरडतंय?”

“कुठं म्हंजे?” चिंधू म्हणाला. “आयक की. आतासुदिक वरडतंय.”

सगळे ऐकू लागले. लडकूही. चेहऱ्यावर रोजचे ते जाणकार भाव आणून त्याने तोंड उघडलं, “कालचाच...” म्हणाला आणि थांबला. त्या सगळ्यांना आवाज येत होता आणि तो बिबट्याचा इशारा वाटत होता. आवाज कशाचा आहे, हे तिथे एकट्या लडकूला माहीत होतं.

भूपेश चौकीकडून वर येत होता. लडकूने त्याचा खांदा पकडला.

“भूप्या, तू पुढं चल. भेकर जिकडं वरडतंय तिकडं चल. बिबट्या न्हाय. फास्यात हाय ते.”

“तुला कसं ठावं?”

“फासा मी बांधलाय.”

भूपेशने मामाकडे पाहिलं. मामाला ऊन लागलं असावं, असं त्याला वाटलं.

“तुटलेला होता. मी सांधला. सवयीनं हात गेला रे, हात गेला. नंतर बोल काय ते, आदी चल!”

“मग तू जा की पुढं. आवाज तर सरळ येतोय.”

लडकूने आजूबाजूला पाहिलं. चिंधू ऐकत होता. दोघे मजूर ऐकत होते. जंगलात कुजबुजणं त्याला कधीच जमलं नव्हतं, आणि आताही जमलं नाही.

“मला ऐकू येत न्हाय!” तो म्हणाला. “कायपन ऐकू येत न्हाय. दोन वरसांपासून न्हाय. तू कान हो, चल.”

हे वाक्य खालच्या चौकीत मॅडमनासुद्धा स्पष्ट ऐकू गेलं, असं चिंधू अजून शपथेवर सांगतो.

भूपेश वळला आणि चालू लागला. कधी थांबायचा, मान तिरकी करायचा, हाताने डावीकडे दाखवायचा. लडकू त्याच्या मागे, चपलांशिवाय. मधे एकदा भूपेश बराच वेळ थांबला. त्याने मागे वळून मनगटावर मनगट आडवं ठेवलं. आवाज बंद झाला होता. लहानपणी तो मामाचा डबा घेऊन कारखान्यात जायचा, ती खूण त्याला अजून आठवत होती. लडकूला वाटलं आपलंच काही तरी आतून तुटलं. तो पाचोळ्यात उभ्याउभ्या हात जोडू लागला, कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग भूपेशची मान हलली. त्याचं बोट हवेत गोल फिरलं. चालू.

कारवी बाजूला सारली आणि ते समोर होतं. तांबूस अंगाचं भेकर, कुत्र्यापेक्षा जरा मोठं. मागचा पाय फासात, फास हाडापर्यंत आवळलेला. ते उडी मारत होतं, दोरी ते परत खेचत होती. त्याचं तोंड उघडायचं, बंद व्हायचं, परत उघडायचं. लडकूला काही ऐकू आलं नाही. पण एकतीस वर्षं त्याने अशीच तोंडं पाहिली होती, खटखटाटात बुडालेली, आवाज नसलेली, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य त्याला समजलं होतं. हेही समजलं.

आणि दोरीच्या मधोमध त्याची गाठ. धागाभरही सरकलेली नव्हती.

भूपेशने कोयता काढला, पण भेकर खुरं झाडत होतं. जवळ जाऊन कोयता चालवला तर पायच जायचा.

“थांब,” लडकू म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून बाजूने सरकत गाठीपर्यंत गेला. विणकराची गाठ जितकी ओढाल तितकी आवळते. पण एका विशिष्ट जागी तिची पाठ मोडली की ती सुटते. दोरी हिसके खात होती. पहिल्यांदा बोट घसरलं. दुसऱ्यांदा नख तुटलं. तिसऱ्यांदा त्याने गाठ दातांत धरली, पाठ मोडली, आणि टोक सर्रकन निघालं.

दोरी ढिली पडली. भेकर धपकन बसलं. भूपेशने आपला पंचा त्याच्या डोळ्यांवर टाकला तसं ते एकदम गप्प झालं, आणि कोयत्याच्या टोकाने त्याने फास कापला. पाय तुटला नव्हता. कातडी सोलली होती. भूपेशने पंचा ओढला. भेकर उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं आणि तीन पायांवर कारवीत शिरलं. चौथा पाय ते टेकत होतं की नाही, ते दोघांनाही नीट दिसलं नाही. त्यावरून ते आजही वाद घालतात.

दुपारी चौकीच्या टेबलावर दोरी ठेवलेली होती. मॅडमनी पंचनामा लिहायला घेतला. मजूर दाराशी गर्दी करून उभे.

“इथे मधे दोरीला मुरड दिसते,” मॅडम म्हणाल्या. “गाठ होती?”

“मॅडम, ती माजी,” लडकूने हात वर केला. वर्गात धडा न आलेला मुलगा करतो तसा, अर्धाच. मग त्याने सगळं सांगितलं. तार, बोटं, ताण, टिचकी. टिचकीचं सांगायची गरज नव्हती, पण माणूस एकदा खरं बोलायला लागला की हात राखून बोलत नाही. कानांचंही सांगितलं. “कालचाच हाय तो”बद्दलही सांगितलं, तेव्हा चिंधूच्या तोंडाचा आ झाला.

 मॅडम उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि त्याच्याकडे पाठ करून बोलू लागल्या.

लडकूच्या आयुष्याचा निकाल लागत होता आणि त्याला दिसत होता फक्त त्यांच्या खाकी शर्टाचा पाठीवरचा घाम. त्या बोलत होत्या हे नक्की, कारण चिंधूचा चेहरा बदलत होता. आधी लांबला. मग आणखी लांबला. लडकूने भूपेशकडे पाहिलं. भूपेश सावधान उभा होता. त्याचे हात हळूच पुढे आले आणि मनगटावर मनगट आडवं पडलं.

बंद.

लडकूने मान खाली घातली. तुळजाला कुठल्या खुणेने सांगायचं, याचा तो विचार करू लागला. अशी खूण त्यांच्या घरात अजून लागली नव्हती.

कुणीतरी त्याच्या कोपराला ढोसलं. त्याने वर पाहिलं. भूपेशचं बोट हवेत गोल फिरत होतं आणि त्याच्या मिशीखाली हसू होतं.

“काय बंद, काय चालू?” लडकू चौकी हलेल एवढ्याने ओरडला.

मॅडम दचकून वळल्या. आता त्यांचे ओठ दिसत होते.

“एकट्याने फिरणं बंद,” त्या म्हणाल्या. “महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सरकारी दवाखान्यात जाऊन कान दाखवायचे. डॉक्टर काय लिहितात ते बघून पुढचं ठरेल, मी आत्ता शब्द देत नाही. तोवर भूपेशबरोबर वाटा बघा. याने कान लावायचे, तुम्ही डोळे. दोरी दिसली की थांबायचं. आणि लडकू...”

“जी.”

“हात लावायचा नाही.”

संध्याकाळी लडकूने हे सगळं तुळजाला सांगितलं. सांगताना दोन्ही हात इतके चालले की चुलीतला धूर इकडेतिकडे झाला. तिने शेवटपर्यंत बघून घेतलं आणि एकच खूण केली. सोमवारी मीही येणार. मग लाटण्याचीही केली, पण जरा हळू.

सोमवार अजून लांब आहे. लडकूला रात्री झोप लागत नाही. डॉक्टर काय लिहील, या विचाराने चार लूम सहा झाल्यासारखे वाटतात. पण सकाळी तो भूपेशच्या मागे पायवाटेवर असतो, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून चालतो, निरीक्षणाला आलेल्या साहेबासारखा. चिंधू त्याला “साहेब, कालचाच हाय का?” म्हणून चिडवतो. लडकू त्याच्या ओठांकडे बघतच नाही.

परवा तो एकदम थांबला. भूपेशही थांबला. दोन कारवींच्या मधे, उन्हात चमकत, एक तार तुटून लोंबत होती. लडकू वाकला, अगदी जवळून पाहिलं. कोळ्याची होती.

पाठीमागे त्याचा अंगठा तर्जनीवर दोनतीनदा घासला गेला. त्याने हात आणखी घट्ट धरले आणि तारेखालून वाकून पुढे गेला.